चीवरिक, घोंगडी आणि स्लीपिंग बॅग : नाशिक परिसरातील प्रवासी अंथरूण-पांघरुणाचा इतिहास

प्रस्तावना

भारतीय वस्त्रेतिहासात पैठणी, मलमल, किनखाप यांसारख्या मानाच्या वस्त्रांचा अभ्यास विपुल प्रमाणात झाला आहे. त्या मानाने माणूस घराबाहेर ज्यावर निजतो आणि जे पांघरतो त्या वस्त्रांकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. वास्तविक यात्रेकरू, मेंढपाळ, भिक्षू, शिपाई आणि अलीकडच्या काळातील गिर्यारोहक या सर्वांपुढे एकच प्रश्न वेगवेगळ्या काळात उभा राहिला आहे. थंडी, पाऊस आणि पाठीवरचे ओझे या तिघांचा मेळ घालणारे पांघरूण कोणते? उघड्यावर मुक्काम करणाऱ्यासाठी स्लीपिंग बॅग कशी निवडावी, हा आज दुकानदाराला विचारला जाणारा प्रश्न याच जुन्या प्रश्नाचे नवे रूप आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास नाशिकसारखे ठिकाण क्वचितच सापडेल. शहराच्या दक्षिणेकडील इंदिरानगर या उपनगरापासून जवळच मुंबई-आग्रा महामार्गालगत पांडवलेणीचा डोंगर उभा आहे. कोरीव लेखांत त्याचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी, असे येते. येथून पश्चिमेस सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर असलेल्या इगतपुरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास असतो आणि पूर्वेस निफाडकडे त्याहूनही कमी. याच निफाडचे हिवाळ्यातील किमान तापमान दरवर्षी वृत्तपत्रांचा विषय होते. एका दिवसाच्या पायी अंतरात हवामान इतके पालटत असल्यामुळे ‘प्रवासात काय पांघरावे’ याचे एकच एक उत्तर या प्रदेशात कधीच पुरेसे ठरले नाही.

त्रिरश्मीवरील वस्त्रनिधी

पांडवलेणीतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचा लेख आहे. त्यात वर्ष ४२ चा उल्लेख आहे. हे शकवर्ष मानावे की अन्य गणनेचे, याविषयी मतभेद असले तरी लेखाचा काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात पडतो याबद्दल वाद नाही. सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात नाशिकचे लेख संपादित केले. मराठी वाचकांस ते महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या सातवाहन व पश्चिमी क्षत्रपांवरील ग्रंथामुळे परिचित आहेत. श्रेणिसंस्थेचा पुरावा म्हणून हा लेख वारंवार उद्धृत होतो. मात्र त्यातील पैसा मुळात कशासाठी होता, हा मुद्दा बहुधा एका वाक्यात आटोपला जातो.

पैसा वस्त्रांसाठी होता. उषवदाताने ३००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे मुद्दल कधीही न मोडावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. पैकी २००० कार्षापण एका कोलिकनिकायाकडे दरमहा दरशेकडा एक या व्याजाने आणि १००० दुसऱ्याकडे दरमहा दरशेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. पहिल्या रकमेच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण ‘चीवरिक’ म्हणून द्यावयाचे होते. हिशेब तपासून पाहिला तर तो तंतोतंत जुळतो. २००० वर दरमहा २० याप्रमाणे वर्षाचे व्याज २४० होते, आणि वीस भिक्षूंना बारा-बारा दिले की तेवढेच संपतात. दात्याने आधी भिक्षूंची संख्या आणि वस्त्राचा खर्च ठरविला व मग त्यावरून ठेवीची रक्कम काढली, असे यावरून दिसते. दुसऱ्या रकमेचे वार्षिक ९० कार्षापण ‘कुशणमूल’ यासाठी होते. या शब्दाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. याच लेण्यातील मजकुरात पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण असा दर दिलेला असल्याने, एका भिक्षूच्या वर्षाच्या वस्त्रांवर एक तृतीयांश सुवर्णाहून थोडी अधिक रक्कम खर्ची पडत होती असे म्हणता येते. हे दान निगमसभेत ऐकविले गेले आणि दप्तरी नोंदले गेले, असेही लेख सांगतो. ज्यांनी कापड विणावयाचे त्यांच्याकडेच कापडाचा निधी ठेवण्यातील व्यवहारचातुर्य दुर्लक्षिण्याजोगे नाही.

हे चीवर केवळ नेसण्यापांघरण्याचे वस्त्र नव्हते. विनयपिटकातील महावग्गात तीन चीवरांच्या नियमाची जी कथा आली आहे ती या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. राजगृहाहून वैशालीस जाताना बुद्धाला अनेक भिक्षू डोक्यावर, खांद्यावर आणि कमरेवर चीवरांची गाठोडी वाहून नेताना दिसले. वस्त्रांना मर्यादा घालावी असे त्याच्या मनात आले. पुढे वैशालीच्या गोतमक चैत्यात, हिमपाताच्या ऐन कडाक्याच्या रात्री, तो उघड्यावर एक चीवर घेऊन बसला. पहिला प्रहर सरताच थंडी वाजू लागली तेव्हा त्याने दुसरे चीवर घेतले, मधला प्रहर सरल्यावर तिसरे आणि शेवटचा प्रहर सरल्यावर चौथे. एवढ्यावर रात्र निभावली. त्यावरून दुहेरी संघाटी, एकेरी उत्तरासंग आणि एकेरी अंतरवासक अशी तीन वस्त्रे, म्हणजे एकूण चार पदर, पुरेसे आहेत असा नियम झाला. धार्मिक नियमाची उपपत्ती म्हणून ही कथा सांगितली जाते, पण तिची रचना एखाद्या प्रयोगासारखी आहे. वर्षातील सर्वांत कठीण रात्र निवडावयाची, एकेक पदर वाढवीत जावयाचे, गरज भागते तेथे थांबावयाचे आणि त्यापलीकडचे ओझे त्याज्य मानावयाचे. कथेची ऐतिहासिकता काहीही असो, पांघरुणाच्या निवडीचा असा विचार संघापुढे होता हे निश्चित.

लेण्यांतील कोठड्यांत निजण्यासाठी दगडी ओटे कोरलेले आहेत. दगड अंगातील ऊब वेगाने शोषून घेतो, म्हणून केवळ पांघरुणाने भागत नाही. बैठकीचे ‘निसीदन’ निजण्यास अपुरे पडते म्हणून ‘पच्चत्थरण’ नावाचे मोठे अंथरूण वापरण्यास विनयाने परवानगी दिली. मराठीत ‘अंथरूण-पांघरूण’ हा जोडशब्द रूढ आहे. खालची बाजू आणि वरची बाजू हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही जाण त्या शब्दात आहे. पुढे स्लीपिंग बॅगने दोन्ही बाजू एका पिशवीत शिवून टाकल्या तेव्हा ही जाण काही काळ हरवली.

पावसाळ्याचे उत्तर मात्र भिक्षुसंघाने वस्त्रात शोधले नाही. वर्षावासात प्रवासच करावयाचा नाही, हे त्याचे उत्तर होते. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या सैन्याविषयी सभासदाने नोंदविलेली पद्धत, आठ महिने मुलूखगिरी आणि पावसाळ्याचे चार महिने छावणी, ही निराळ्या कारणांनी पण त्याच हवामानाशी केलेली तडजोड होय.

घोंगडी आणि गोधडी

ज्यांना पावसाळ्यातही बाहेर राहणे भाग होते त्यांनी मात्र वस्त्रातच उत्तर शोधले. धनगरांची घोंगडी हे ते उत्तर. दख्खनी मेंढीची लोकर आखूड, राठ आणि बहुतांशी काळी असते. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीस जावळ म्हणतात आणि जावळाच्या घोंगडीला मोल अधिक. हाताने काढलेल्या सुतास चिंचोक्याची खळ देऊन सणगर व खुटेकर धनगर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात. खळीमुळे सूत ताठ होते, वीण घट्ट बसते आणि पावसाचे पाणी बराच काळ वरच्यावर ओघळून जाते. न विणता लोकर दाबून-लाटून केलेला बुरणूस हा तिचाच भाऊबंद.

घोंगडीचे वैशिष्ट्य तिच्या उबेपेक्षा लवचिक उपयोगात आहे. दिवसा ती खांद्यावर, दुपारी अंगाखाली, रात्री अंगावर. पाऊस आला की तिची एका टोकाला दुमडून केलेली खोळ डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत पाठ झाकते. डोक्याशी बंद आणि समोर उघडी अशी ही खोळ पाहिल्यावर आधुनिक स्लीपिंग बॅगेचे टोपडे आठवल्यावाचून राहत नाही. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश इतकी बाष्परूप ओल आत घेऊनही हाताला ओला लागत नाही, आणि ही ओल शोषताना तो थोडी उष्णताही सोडतो. दमट थंडीत लोकरीचा जो भरवसा वाटतो त्याचे हे कारण. तिची मर्यादाही भाषेने नोंदवून ठेवली आहे. पूर्ण भिजलेली घोंगडी अतोनात जड होते आणि लवकर वाळत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षे निकालात न निघणाऱ्या प्रकरणास ‘भिजत घोंगडे’ म्हणतात. हा वाक्प्रचार कचेऱ्यांत रुळला असला तरी त्याचा जन्म मेंढवाड्यावर झाला असावा हे उघड आहे.

गोधडी, वाकळ, पासोडी ही सुती बाजू. जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने शिवून केलेल्या गोधडीत थरांमधील हवा ऊब धरून ठेवते. कोरड्या थंडीत, म्हणजे निफाड-येवल्याकडील पौषात, ती उत्तम. पावसात मात्र निरुपयोगी, कारण सुती तंतू भिजला की हवेची जागा पाणी घेते. २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादरही सुतीच. लोकर ओलीसाठी आणि सूत कोरड्यासाठी ही विभागणी या प्रदेशात कोणी शिकविली नाही, ती वापरातून ठरत गेली.

याचे प्रत्यंतर वारीत येते. संत निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरची यात्रा पौष वद्य एकादशीस, ऐन थंडीत भरते. त्यांचीच पालखी पंढरपूरसाठी ज्येष्ठात निघते आणि आषाढाच्या पावसात चालते. एकाच वारकऱ्याची वळकटी या दोन प्रवासांत एकच असू शकत नाही. सिंहस्थाचेही तेच. प्रयागचा मेळा पौष-माघात भरतो, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरची शाही स्नाने २००३ आणि २०१५ मध्ये श्रावण-भाद्रपदात, पावसाळ्यात झाली. उत्तरेतून येणाऱ्या साधूस जे पांघरूण प्रयागला तारते ते गोदाकाठी भिजून ओझे होते.

वळकटी ते होल्डॉल

१८६५ मध्ये थळ घाटातील लोहमार्ग खुला झाला आणि मुंबई-नाशिक प्रवास काही तासांवर आला. वाहनात सामान ठेवता येऊ लागल्याने वजनाचा प्रश्न सैल झाला. दोरीने बांधलेल्या वळकटीची जागा कॅनव्हासच्या होल्डॉलने घेतली आणि मध्यमवर्गीय कुटुंबात तो लग्नानंतरच्या पहिल्या खरेदीचा विषय झाला. जवळच्या देवळाली येथे एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटिश सैन्याचे संक्रमण केंद्र होते. मायदेशी जाणाऱ्या आगबोटीची वाट पाहत येथे पडून राहणाऱ्या सैनिकांमुळे ‘डुलाली’ हा वेडसरपणाचा वाचक शब्द इंग्रजीत गेला. होल्डॉलने माणसाला गादीसह प्रवास करावयास शिकविले खरे, पण तो पाठीवर घेऊन डोंगर चढता येत नाही. या दृष्टीने तो प्रगतीचा नव्हे, आडवाटेचा टप्पा होता.

पिशवीचा जन्म आणि १९६२ ची थंडी

अंगाभोवती बंद होणारी पिशवी युरोपात आल्प्सच्या वाटेने आली. फ्रान्सिस फॉक्स टकेट या इंग्रज गिर्यारोहकाने १८६१ च्या सुमारास खालून रबराचे अस्तर असलेली झोपण्याची पिशवी वापरून पाहिली. १८७६ मध्ये वेल्समधील व्यापारी प्राइस प्राइस-जोन्स याने ‘युक्लिसिया रग’ नावाच्या लोकरी पांघरुणाचे पेटंट घेतले. त्यास रबराची फुगविता येणारी उशी जोडलेली होती. रशियन सैन्याने त्याला साठ हजार नगांची मागणी दिली. १८७७ मध्ये प्लेवना पडल्यावर उरलेली मागणी रद्द झाली आणि शिल्लक माल त्याला इतरत्र खपवावा लागला. म्हणजे आरंभीच्या काळातच या वस्तूचे भवितव्य सैन्याच्या खरेदीशी बांधले गेले होते. पुढे पक्ष्यांच्या पिसांचे भरण आले. वजनाच्या मानाने सर्वाधिक ऊब देणारे हे भरण ओले झाले की आक्रसते आणि त्याची ऊब जाते.

भारतात या विषयाला करुण गांभीर्य आले ते १९६२ मध्ये. नामका चू खोऱ्यातील सातव्या ब्रिगेडचे सैनिक सुती गणवेशात आणि अपुऱ्या कांबळ्यांनिशी हिमालयाच्या ऐन थंडीत उभे होते. त्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात याचे तपशील दिले आहेत. सखल प्रदेशातून अल्पावधीत तेथे नेलेल्या जवानांना ना विरळ हवेची सवय होती, ना त्या उंचीचे पांघरूण. बंदुका आणि दारूगोळ्याच्या टंचाईवर पुष्कळ लिहिले गेले, त्या मानाने रात्र काढण्याच्या साधनांची टंचाई मागे पडली. वस्तुतः न झोपलेला, गारठलेला शिपाई सकाळी बंदूक चालविण्याच्या अवस्थेत असत नाही.

या घटनेचा नाशिकशी असलेला संबंध सहसा ध्यानी घेतला जात नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे शब्द त्या वेळी महाराष्ट्रात घरोघरी पोचले. चव्हाण १९६३ मध्ये लोकसभेवर बिनविरोध निवडून आले ते नाशिक मतदारसंघातून. त्याच वर्षी २ सप्टेंबर रोजी त्यांनी नेफातील पराभवाच्या चौकशीविषयी लोकसभेत निवेदन केले. प्रशिक्षण, साधनसामग्री, आदेशव्यवस्था, सैनिकांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांची कुवत असे चौकशीचे पाच विषय त्यात सांगितले होते. पर्वतीय डिव्हिजनांची उभारणी याच काळातील. नाशिकच्या मतदारांनी पाठविलेल्या प्रतिनिधीच्या टेबलावर, अन्य असंख्य गोष्टींबरोबर, उंच पर्वतावर जवानाने काय पांघरावे हाही प्रश्न आला होता.

तो तेथे मिटला नाही. १९८४ पासून सियाचीनवर भारतीय सैन्य कायम तैनात आहे. २०२० मध्ये संसदेत सादर झालेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात अतिउंचीवरील कपडे व साधने यांच्या खरेदीतील विलंबावर ताशेरे आहेत. मुखवटे, जाकिटे आणि स्लीपिंग बॅगा जुन्या प्रकारच्या घेतल्या गेल्यामुळे जवान सुधारित वस्तूंपासून वंचित राहिले, असे त्यात म्हटले आहे. उषवदाताच्या लेखात व्याजाचा दर, लाभधारकांची संख्या आणि प्रत्येकाचा वाटा कोरलेला आहे. अशा हिशेबाची गरज सुमारे एकोणीसशे वर्षांनंतरही संपलेली नाही.

अंशांचे गणित आणि सह्याद्री

महाराष्ट्रातील संघटित गिर्यारोहण स्वातंत्र्योत्तर काळातील. मुंबईत १९५४ मध्ये ‘गिरिविहार’ स्थापन झाली. दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्थाही त्याच वर्षीची. प्रशिक्षणासाठी हिमालयात जाणाऱ्या तरुणांनी तेथील साधने आणि त्यांविषयीच्या कल्पना सह्याद्रीत आणल्या. परिणामी कळसूबाई (१६४६ मीटर), साल्हेर (१५६७ मीटर) किंवा अंजनेरीवर एक रात्र काढण्यासाठी शून्याखालील तापमानाची पिशवी वाहून नेणारे लोक दिसू लागले. मध्यरात्री घामाने जागे होऊन साखळी उघडावी लागणे हा त्याचा हमखास परिणाम. घामाने आतून ओली झालेली पिशवी पहाटे, म्हणजे खरी थंडी पडते तेव्हा, कमी ऊब देते.

पिशवीवर छापलेला अंश कशाचा, हे युरोपात २००२ पर्यंत उत्पादकाच्या मर्जीवर होते. त्या वर्षी ईएन १३५३७ हे मानक आले आणि २०१६ मध्ये त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली. तापविलेल्या पुतळ्यावर चाचणी घेऊन यात ‘आराम’, ‘मर्यादा’ आणि ‘टोक’ असे तीन अंश देतात. आरामाचा अंश सर्वसाधारण स्त्रीसाठी धरलेला असतो. मर्यादेचा अंश अंग आखडून निजलेल्या सर्वसाधारण पुरुषासाठी असतो. टोकाच्या अंशाला स्त्री सहा तास कशीबशी तग धरू शकते, तीही गारठून इजा होण्याचा धोका पत्करून. दुकानात मोठ्या अक्षरांत बहुधा तिसरा किंवा दुसरा आकडा झळकतो. खरेदी पहिल्यावरून करावयास हवी. आणखी एक गोष्ट, लष्करी वापर आणि ध्रुवीय थंडी हे या मानकाच्या कक्षेबाहेर आहेत. सियाचीनसाठी हा तक्ता कामाचा नाही.

नाशिक परिसरासाठीही तो अर्धाच कामाचा आहे, कारण पुतळा कोरडा असतो. डिसेंबर-जानेवारीत निफाड, सटाणा किंवा साल्हेरच्या पठारावर हवा कोरडी असते. तेथे आरामाचा अंश पाचच्या आसपास असलेली पिसांची हलकी पिशवी उत्तम चालते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर गुहेतसुद्धा भिंती पाझरतात. तेथे पिसे गोळा होतात आणि भिजूनही थोडीफार फुगून राहणाऱ्या कृत्रिम तंतूच्या, आरामाचा अंश पंधराच्या आसपास असलेल्या पिशवीचे वजन वाहणे परवडते. दोन्ही ऋतूंसाठी एकच पिशवी घ्यावयाची तर कृत्रिम तंतूची पातळ पिशवी आणि आत घालण्यास एक निराळे लोकरी पांघरूण हा मार्ग उरतो. महावग्गातील चार पदरांचे तत्त्व येथेही तेच काम करते. अंगाखाली दबलेले भरण ऊब देत नसल्यामुळे खाली चटई लागतेच. पच्चत्थरणाची आठवण येथे अप्रस्तुत होणार नाही.

यात खेदाची बाब एकच. ज्या लोकरीवर हा प्रदेश पाऊस आणि थंडी दोन्ही निभावून नेत होता तिला आज गिऱ्हाईक नाही. पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी खेड्यातील घोंगडीची मागणी खाल्ली. मांसासाठी मेंढ्यांच्या जाती बदलत गेल्या तसा दख्खनी मेंढीचा वाटा घटला. मेंढी निरोगी राहावी म्हणून कातरणी तर करावीच लागते, पण कातरलेली लोकर अनेक ठिकाणी बांधावर फेकून दिली जाते. खुटेकरांच्या आणि सणगरांच्या घरांत मागाचे खड्डे बुजविले गेले आहेत. त्याच वेळी शहरांतील गिर्यारोहण साहित्याच्या दुकानांत ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या मेरिनो लोकरीचे अंतर्वस्त्र काही हजार रुपयांस विकले जाते, आणि ‘ओले झाले तरी ऊब देते’ हा त्याचा गुण विक्रेता आवर्जून सांगतो.